बर्फी चावते, अंगावर धावून येते

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाची बेंगळुरूला बदली झाली आणि जाताना त्यांनी त्यांचा ससा आम्हाला दिला. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची मादी आहे. नाव बर्फी, वय दीड वर्ष. तिकडे ती गॅलरीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात असायची, आमच्याकडेही तोच पिंजरा आहे. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ससा मांडीवर घेऊन बसायचं होतं. पण पिंजऱ्यात हात घातला की बर्फी गुरगुरते, पुढच्या पायांनी फटके मारते आणि चावते. परवा खाण्याची वाटी उचलताना माझ्या बोटातून रक्त आलं. बाहेर सोडलं तर ह्यांच्या पायांभोवती गोल गोल फिरते आणि मध्येच पोटरीला चावा घेते. कधी कधी एका जागी बसून मान डावीकडे-उजवीकडे डोलवत आमच्याकडे बघत राहते, त्याची मुलीला फार भीती वाटते. दुकानदार म्हणाला, तोंडावर पाण्याचा फवारा मारा, नाहीतर उताणी करून धरा, आपोआप गप्प होईल. सासूबाई म्हणतात, बिचारीला गावी मळ्यात सोडून द्या. बर्फी कधी माणसाळेल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : माणसाळेल. दीड वर्ष म्हणजे सशाचं ऐन तारुण्य. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, त्यामुळे तुमच्या हाती भरपूर वेळ आहे. मुलीला मात्र आजच सांगून ठेवा की बर्फी मांडीवर बसेलच असं नाही. चांगले माणसाळलेले ससेसुद्धा उचलून घेतलेलं क्वचितच सहन करतात. ते आपण जमिनीवर बसलो की जवळ येतात, नाकाने ढुशी देतात, कपाळ पुढे करतात. एवढं झालं तर बर्फी तुमची झाली असं समजा.

दुकानदाराचे दोन्ही उपाय करू नका. तोंडावर पाणी उडवलं तर ‘मी चावले म्हणून हे झालं’ असं सशाला कळत नाही. माणूस जवळ आला की त्रास होतो, एवढंच तो शिकतो आणि पुढच्या वेळी आधीच हल्ला करतो. उताणं धरण्याचा प्रकार तर क्रूर आहे. सशाला पाठीवर निजवलं की तो निपचित पडतो हे खरं, पण तो शांत झालेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला प्राणी शेवटचा उपाय म्हणून असा निश्चल होतो. त्या वेळी आतून त्याची भीती वाढलेली असते. शिवाय सुटण्यासाठी त्याने एकदम लाथ झाडली तर पाठीचा कणा मोडू शकतो. सशाची हाडं हलकी असतात आणि मागच्या पायांत जोर फार असतो.

जगातले सगळे पाळीव ससे, रंग आणि आकार कोणताही असो, एकाच रानटी जातीतून आले आहेत. स्पेन-पोर्तुगालकडचा हा ससा जमिनीत बिळं खणून कळपाने राहतो. त्या कळपात पिल्लांसाठी चांगलं बीळ मिळवणं आणि राखणं हे मादीचं काम, आणि त्यासाठी माद्या एकमेकींशी चांगल्याच भांडतात. बर्फीचा पिंजरा हे तिचं बीळ आहे. त्यात अचानक तुमचा हात शिरतो, वरून येतो, तिची वाटी उचलतो. ससा हा कोल्ह्या-घारींचं भक्ष्य असलेला प्राणी, त्यामुळे वरून झेपावणारी कोणतीही गोष्ट त्याला मरणासारखी वाटते. मोकळ्या जागी तो पळाला असता. पिंजऱ्यात पळायला जागा नाही, म्हणून बर्फी उलटून अंगावर येते. ती आली की हात मागे जातो. आजवर तिच्या हाती हाच एक उपाय लागला आहे आणि तो दरवेळी लागू पडला आहे.

दृष्टीचा भागही महत्त्वाचा आहे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही. कुत्र्याला हुंगायला देतो तसा हात आपण त्याच्या नाकापुढे नेतो, तेव्हा तो हात नेमका त्या न दिसणाऱ्या जागेत येतो. बर्फीसारख्या लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांची अडचण आणखी मोठी. त्यांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, नजर अधू असते आणि उजेडाचा त्रास होतो. समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घेण्यासाठी असे ससे मान हळूहळू दोन्हीकडे डोलवतात. मुलीला हे जरूर समजावून सांगा. बर्फी तिला धमकावत नाही, तिला नीट पाहायचा प्रयत्न करते आहे.

आता कामाला लागू. पहिलं काम पशुवैद्यांकडे जाण्याचं, कारण दुखणाऱ्या प्राण्याला कितीही प्रेम दिलं तरी तो हात लावू देणार नाही. ससा दुखणं लपवतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात, पुढचे दात तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. गवत चावून ते झिजले नाहीत तर मागच्या दाढांना टोकं येतात आणि ती जीभ-गालाला रुततात. बर्फी जाळीच्या तळावर दीड वर्ष राहिली आहे. सशाच्या तळपायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. जाळीवर उभं राहून टाचांना जखमा होतात, त्या केसांखाली दिसत नाहीत. वाढलेली नखं, कानातली खरूज, लघवीत साठणारा कॅल्शियमचा गाळ, यांनीही ससा चिडका होतो. दाढा, टाचा, कान, पोट हे सगळं तपासून घ्या.

जाताना एक काळजी घ्या. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर सशाचेही जाणकार असतीलच असं नाही. ‘तुम्ही ससे नेहमी बघता का?’ असं सरळ विचारा, त्यात कोणाचा अपमान होत नाही. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. पिसवा-गोचिडांसाठी कुत्र्यांवर मारतात ते फिप्रोनिलही सशाला विषारी आहे. घरी कुत्र्याचा फवारा असेल तर तो चुकूनही वापरू नका. जवळपास जाणकार सापडला नाही तर पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. मुंबईत परळला, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीरला ती आहेत.

दुसरा मुद्दा संप्रेरकांचा. पायांभोवती गोल फिरणं आणि मग चावणं हे वयात आलेल्या सशाचं ठरलेलं वागणं आहे, नरांचं तसं माद्यांचंही. ससा चार ते सहा महिन्यांत वयात येतो. नराचा सहवास नसतानाही मादीला कधी कधी खोटी गर्भधारणा होते. मग ती तोंडात गवताच्या काड्या गोळा करते, छातीचे केस उपटून घरटं करते आणि सुमारे अडीच आठवडे कोणाला जवळ फिरकू देत नाही. बर्फीच्या पिंजऱ्यात असे केस दिसले आहेत का, आठवून पाहा. (ती खरोखर मादी आहे का, हेही डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. सशांच्या बाबतीत विकणाऱ्याचं सांगणं अनेकदा चुकतं.)

यावर उपाय म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया. माझं मत स्पष्ट आहे : सशांची चांगली माहिती असलेला शल्यविशारद मिळत असेल तर ती करून घ्यावी. स्वभावासाठी तर करावीच, पण जिवासाठीही करावी. शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. काही जातींत चार वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक माद्यांत तो आढळला आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. कुत्र्याला शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवतात, सशाला ठेवायचं नसतं. सशाला उलटी होत नाही, आणि त्याचं पोट रिकामं राहिलं तर आतड्याची हालचाल थांबते, जी जिवावर बेतते. कोणी उपाशी आणायला सांगितलं तर दुसरा डॉक्टर शोधा. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक मिळालंच पाहिजे आणि त्याच दिवशी ती खायला लागली पाहिजे. संप्रेरकांचा अंमल ओसरायला महिना-दीड महिना लागतो. तेवढ्याने सवयीचं चावणं जाईल असं मात्र समजू नका.

पिंजऱ्याविषयी मी जरा आग्रहाने बोलणार आहे. ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांसाठी 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच एवढी जागा सुचवते. आपल्या फ्लॅटमध्ये एवढी जागा काढणं सोपं नाही, पण दुकानात मिळणाऱ्या पिंजऱ्यात आणि या मापात किती अंतर आहे ते बघा. कुत्र्याच्या पिल्लांसाठी घडीचं कुंपण मिळतं. हॉलचा किंवा खोलीचा एक कोपरा त्याने अडवा, खाली सतरंजी किंवा जाड चटई घाला आणि पिंजऱ्याचं दार कायम उघडं ठेवा. आत एक पुठ्ठ्याचं खोकं उपडं ठेवा, त्याला दोन दारं कापा. एकाच दाराचं खोकं म्हणजे पुन्हा कोंडी. पळायला वाट आहे हे कळलं की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. गॅलरी मात्र बंद करा. सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तिशीच्या वर पारा गेला की त्याचे हाल सुरू होतात. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत ती गॅलरी त्याच्या जिवाला धोकादायक आहे. उन्हाळ्यात पंख्याखाली जागा द्या, टेकून बसायला थंड फरशीचा तुकडा द्या किंवा बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा.

आणि पिंजऱ्यात हात घालणं आजपासून बंद. वाटी दाराशी ठेवा. साफसफाई ती बाहेर फिरत असताना, तिच्या नजरेआड करा. एकदम सगळं धुवून लख्ख करू नका. तिच्या वासाचे थोडे कागद-गवत मागे ठेवा, नाहीतर परक्याच्या घरात आल्यासारखी ती पुन्हा लेंड्या टाकून आणि हनुवटी घासून हद्द आखत बसेल.

आता माणसाळवण्याचं खरं काम. ससा पहाटे आणि दिवेलागणीला तरतरीत असतो, दुपारी झोपतो. दुपारी झोपलेल्या बर्फीला हात लावायला जाणं म्हणजे चावा मागून घेणं आहे. संध्याकाळी तुमच्यापैकी एकाने तिच्या कोपऱ्यात जमिनीवर बसायचं, पूर्ण बाह्यांचा कुडता, जाड पँट आणि पायमोजे घालून. पुस्तक वाचा, भाजी निवडा, काहीही करा, फक्त तिच्याकडे टक लावून बघू नका आणि हात पुढे करू नका. आजूबाजूला कोथिंबिरीच्या चार काड्या टाकून ठेवा. ती येईल, हुंगेल, पँट ओढेल, पळून जाईल. पुन्हा येईल. हे रोज करा. सुरुवातीला स्पर्श अजिबात नको. अनेकांचा धीर इथेच सुटतो, कारण वरवर काहीच घडत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात फार मोठी गोष्ट घडत असते. माणूस शेजारी बसला आणि काहीही वाईट झालं नाही, हे तिच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच होत असेल.

ती निर्धास्तपणे जवळ खाऊ लागली की एका हाताने काडी धरा. तिने खायला सुरुवात केली की दुसरा हात बाजूने, तिला दिसेल असा, हळू आणत कपाळावर ठेवा. दोन डोळ्यांच्या मधली आणि कानांच्या मुळाशी असलेली जागा, तिथे ससे एकमेकांना चाटतात. एक-दोनदा कुरवाळा आणि हात काढा. तिला पुरेसं वाटण्याआधी तुम्हीच थांबायचं. पाठ, पोट, शेपूट, हनुवटी या जागा बऱ्याच दिवसांनी, आणि पोट तर नाहीच.

तिने झेप घेतली तर काय करायचं? झटक्यात हात मागे घ्यायचा नाही, कारण ‘हल्ला केला की हात जातो’ हाच धडा आपल्याला पुसायचा आहे. बागकामाचे जाड हातमोजे घाला. ती आली की मोजा घातलेला हात वरून तिच्या कपाळावर अलगद ठेवा, दाब न देता, क्षणभर, आणि शांतपणे बोलत राहा. मारायचं नाही, ओरडायचं नाही, तोंड धरायचं नाही. हलकासा चिमटा काढल्यासारखी चावली तर बारीक, उंच आवाजात ‘ईं’ करा. दुखलं की ससा असाच आवाज काढतो, तो तिला समजतो. हलका चिमटा आणि रक्त काढणारा चावा यांत फरक करायला शिका. चिमट्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘सरक’ किंवा ‘माझ्याकडे बघ’ एवढाच असतो.

चावण्याआधी ती सूचना देतेच. कान मागे अंगाला चिकटवले, शेपूट वर केली, अंग ताठ झालं की तिथेच थांबा. मागचा पाय जमिनीवर आपटला तर ती घाबरली आहे. दात करकरा वाजवत गोळा होऊन बसली, खाणं सोडलं, तर दुखतं आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. अर्धा दिवस काही न खाल्लेला ससा गंभीर आजारी समजावा. चांगल्या खुणाही ओळखा. कुरवाळताना दात हलके वाजवणं, कुशीवर धपकन आडवं होणं, हवेत उडी मारून अंग पिळणं. ही उडी दिसली की घरात पेढे वाटायला हरकत नाही.

खाण्याचा रागाशी थेट संबंध आहे. सशाचं मुख्य अन्न गवत, आहाराचा मोठा हिस्सा तोच. वाळलेलं गवत दिवसभर समोर हवं. ते मिळालं नाही तर हरळी आणि इतर ताजं गवत द्या, मात्र रस्त्याकडेचं, फवारणी झालेलं नको. लसूणघासात कॅल्शियम फार, मोठ्या सशाला तो रोज नको. मुळ्याचा आणि गाजराचा पाला, कोथिंबीर, पुदिना, तुळस थोडं थोडं आलटून पालटून चालतं. गाजर गोड असतं, ते बक्षीस म्हणून एखादी चकती. पोळी, ब्रेड, बिस्किट बंद. बर्फी वाटीवरून भांडते, तर काही दिवस वाटीच काढून टाका. पाला कोपऱ्यात चार ठिकाणी पसरून ठेवा, खोक्यात लपवा. शोधून खाण्यात तिचा वेळ जाईल आणि राखत बसायला वाटी उरणार नाही.

मुलीला यातून बाजूला ठेवू नका. पाला धुवून आणणं, बर्फीने आज काय खाल्लं आणि कान कसे होते हे वहीत लिहिणं ही कामं तिची. मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय कोपऱ्यात जायचं नाही आणि बर्फीला उचलायचं नाही, हे दोन नियम मात्र कडक ठेवा. तुमच्या बोटाविषयी : रक्त काढणारा चावा बसला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते त्यांना सांगा. जोडीला दुसरा ससा आणावा असं कोणी सुचवेल. ससे जोडीने सुखी राहतात हे खरं, पण शस्त्रक्रिया होऊन बर्फी निवांत झाल्यावर. आत्ता आणलात तर दोघे एकमेकांना फाडतील.

राहिला सासूबाईंचा सल्ला. त्यांचा हेतू प्रेमाचा आहे, पण मळ्यात दिसतो तो ससा वेगळा. तो बिळात राहत नाही, उघड्यावर ढेकळांत दबून बसतो आणि जन्मापासून पळायला तयार असतो. बर्फी त्याच्या जातीची नाही. पांढऱ्या रंगामुळे लांबून दिसणारी, अधू नजरेची, पिंजऱ्यात वाढलेली बर्फी कुत्र्याच्या, मुंगसाच्या किंवा उन्हाच्या तडाख्यात काही दिवसांतच मरेल. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

किती दिवस लागतील? काही ससे थोड्या आठवड्यांत बदलतात, काहींना कित्येक महिने लागतात, आणि मध्ये एखादा दिवस पुन्हा पहिल्यासारखा येतो. तेवढ्यावरून हरू नका. सगळं करूनही तुमच्या घराला ते झेपलं नाही, तर सशांची जाण असलेलं दुसरं घर शोधा आणि ती चावते हे न लपवता सांगा. पण तो विचार नंतर. या आठवड्यात दोनच गोष्टी करा : पशुवैद्यांची वेळ घ्या, आणि तो जाळीचा पिंजरा गॅलरीतून आत आणून त्याचं दार उघडं ठेवा.